रेजिनाची माळ आणि भिंतीपलीकडची जाऊ

मंडळी, आधी मला एक सांगा. रोझरीची माळ म्हणता म्हणता डोळा लागला, अर्धी माळ हातातच राहिली, तर ती मारियामातेला पोचते की नाही? हसू नका! मागच्या बाकावरचे सिमांवभाऊ माळेच्या पाच रहस्यांतल्या दुसऱ्यालाच घोरायला लागतात. बायकोचं कोपर बसलं की मोठ्यानं 'आमेन' म्हणतात. त्यांची पोचते? ऐका तर.

वसईच्या किनाऱ्यावर एक कोळीवाडा. तिथं राहायची रेजिना. नवरा वारलेला, पदरात एकच मुलगा, दुमिंग. दुमिंग होडी घेऊन गेला आणि वादळात सापडला. सोबतच्या होड्या आल्या, त्याची आली नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला.

भिंतीला भिंत लागून तिच्या जावेचं घर. आनास तिचं नाव. अकरा वर्षांमागं तिचा नवरा असाच दर्यात गेलेला. ती आली नि म्हणाली, "बाय, मी तीन वर्षं दर्याकडं बघत काढली. तू नको काढूस. फादरना सांगू, मयताची प्रार्थना सुरू करू."

रेजिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुझा गेला म्हणून माझाही गेला काय गो? परत माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस."

दार लावलं. त्या दिवसापासून कोणालाच आत घेईना.

आणि तिनं नवस केला. आनंदाची रहस्यं पाच, दर रहस्याला दहा मणी, मण्यामण्याला एक 'नमो मारिया'. पाचवं कोणतं? बोला की! बारा वर्षांचा येशू सणाच्या गर्दीत हरवतो, आई तीन दिवस शोधते, आणि तो मंदिरात सापडतो. रेजिना म्हणाली, "माते, नऊ संध्याकाळ माळ म्हणेन. सापडल्याचं रहस्य माझ्या तोंडून एकदा पुरं होऊ दे, माझा दुमिंग सापडू दे."

आता मारियामाता काय असले सौदे करते? नाही करत. पण आईच्या काळजाला हे कोणी सांगायचं?

दिवसभर बाई किनाऱ्यानं चालायची. संध्याकाळी फादरच्या देवळाची घंटा झाली की मेणबत्ती लावून बसायची. आपली माळ कशी असते? अर्धी 'नमो मारिया' एकानं म्हणायची, उरलेली अर्धी बाकीच्यांनी उत्तर म्हणून द्यायची. हिला कोण होतं? दोन्ही अर्ध्या हीच म्हणायची. एकटीचा आवाज, समोर मेणबत्ती, बाहेर लाटा... चौथ्या रहस्याला मान कलंडायची. जाग यायची तेव्हा मेणबत्ती विझलेली. बिचारी ढसाढसा रडायची.

आठ संध्याकाळ हेच झालं. नववी आली. चौथं रहस्य... आणि लागला डोळा!

स्वप्नात समुद्र दुधासारखा. लाट नाही, वारा नाही. पाण्यावरून एक बाई चालत येते. कोळणीसारखं लुगडं, डोक्यावर पाटी, पाय कोरडे. जवळ येऊन बसते, थकल्यासारखी. म्हणते, "रेजिना, मीही तीन दिवस शोधत होते. पण माझा घरधनी योसेफ सोबत होता गो. तुला उत्तर कोण देतंय?"

रेजिना म्हणते, "कोणी नाही."

"मग मी म्हणते, तू उत्तर दे." आणि ती बाई 'नमो मारिया' म्हणू लागते. रेजिना उत्तर देते. चौथं सरलं, पाचव्याचे दाही मणी झाले, दूध हळूहळू पाणी झालं, आणि डोळा उघडला.

मेणबत्ती जळत होती. समोर माळेचं दुसरं टोक धरून आनास बसली होती.

मंडळी, ती आठही संध्याकाळ भिंतीपलीकडं ऐकत होती. चौथ्याला आवाज थांबायचा, ही भिंतीला कान लावायची. अकरा वर्षांत तिनं स्वतः पाचवं रहस्य म्हटलं नव्हतं. 'सापडला' हा शब्द तिला उच्चारवत नव्हता. त्या दिवशी ती दार ढकलून आली नि थांबलेल्या मण्यापासून सुरू झाली. म्हणाली, "बाय, तू झोपेत सगळी उत्तरं दिलीस."

तिसऱ्या दिवशी दुमिंग आला. गुजरातकडच्या एका बोटीनं त्याला उचललं होतं. सगळा वाडा किनाऱ्यावर. रेजिना त्याला कवटाळून रडते आहे. आनासही तिथंच. पण तिची नजर अजून बोटीवर, आणखी कोणी उतरतंय का म्हणून. कोणी उतरलं नाही.

रेजिनानं ते पाहिलं. लेकाला घरी बसवलं नि जावेच्या दारात गेली. म्हणाली, "आज तुझ्याकडं माळ म्हणू. कुठली म्हणायची ते तू सांग. मयताची म्हणालीस तर मयताची. उत्तर मी देईन."

आनासनं आपली माळ काढली, तिचं एक टोक रेजिनाच्या हातात दिलं. मग म्हणाली, "आनंदाची म्हणू गो."

एकीचा आला, एकीचा नाही. का, ते मला विचारू नका. मला ठाऊक असतं तर इथं उभा राहून तुमच्यापुढं घसा कशाला कोरडा केला असता? पण एवढं कळतं, की झोप लागली तरी माळ पोचते, कोणीतरी पुढचा मणी धरला तर. आज घरी गेलात की घटकाभर गप्प बसा नि शेजारच्या भिंतीला कान द्या. तिकडं कोणाचा तरी आवाज रोज एकाच जागी थांबतो आहे. आणि तुम्हाला तो ऐकू येतो आहे, इतके दिवस.