अल्पाकाला आरसा

हसताय काय? माझ्या सलूनच्या मशीननं मी उंटाच्या लोकरवाल्या धाकट्या भावाची, अल्पाकाची, कटिंग केलीय, इथं कतारात!

आपला शिंद्या इथल्या एका अल्पाकांच्या फार्मवर कामाला. लोकर कापणारा आलाच नाही, ऊन तापलं, जनावरं धापा टाकायला लागली. शिंद्याचा रडका फोन आला, "तात्या, यल्ला, लवकर मशीन घेऊन या! एखादं मेलं तर माझी नोकरी खलास."

गेलो. शिंद्यानं एका अल्पाकाची मान धरली, मी भादरलं. मग दुकानातल्या सवयीनं आरसा त्याच्यापुढं केला, "बघा शेठ, बरोबर झालं?"

शेठ थुंकले! सगळी पिचकारी आरशाशेजारच्या शिंद्याच्या तोंडावर.

"तात्या, आरसा कशाला दाखवला?"

"अरे, त्यानं स्वतःला ओळखलंच नाही! म्हणजे कटिंग फस्क्लास. तोंड पूस अन् आण पुढचं गिऱ्हाईक."