पावणेतीन हातांचा फरक

ज्योत्स्ना: ...‘असंल’ म्हणून नाही चालत, अप्पा. दोरी बदलली होती का नाही, एवढंच सांगा.

माणिकराव: पंचवीस-सव्वीस वर्षं झाली बाई त्याला. बदलली असंल. लिहून टाक, दोरी बदलली.

भागाबाई: आधी च्या घे गं. सकाळी कलबुर्गीहून निघालीस, हुमनाबादला गाडी बदललीस, अन् आल्या आल्या बापाला कोर्टात उभं केल्यावानी उभं केलंस. पोटात काय हाय का न्हाई?

ज्योत्स्ना: माय, पाच वाजेपर्यंत उत्तर पाठवायचंय. आता दोन वाजून गेले. सांगितलं होतं ना फोनवर?

भागाबाई: फोनवर तू बोलायलीस का रडायलीस, तेच मला कळंना. आता नीट सांग.

ज्योत्स्ना: ग्रँटवाल्यांचं पत्र आलंय. दोन वर्षांपासून मी संशोधनासाठी पैसे शोधायलेय, तुला माहीतच आहे. रोज सकाळी उठून आधी तेच बघते, कुठल्या संस्थेनं अर्ज मागवलेत, कुणाची मुदत कधी संपते. सात जागी अर्ज केले. एक म्हणाले, विषय लहान आहे. दुसरे म्हणाले, तुमच्या विभागाकडं यंत्रं नाहीत. अगं, यंत्रं घ्यायलाच तर पैसे मागायलेय!

भागाबाई: शिकलेल्या माणसांचं असंच असतंय. मग?

ज्योत्स्ना: हा आठवा अर्ज. सीमेवरच्या चाळीस गावांतल्या विहिरींचं पाणी तीस वर्षांत कसं कसं उतरत गेलं, त्याचा अभ्यास. त्यांची अट एकच. निदान एका विहिरीची तीस वर्षांची सलग नोंद हाती पाहिजे. मी सगळीकडं हिंडले. कचेऱ्यांत गेले, जुनी दप्तरं उपसली. कुठं पाच वर्षांची नोंद, कुठं आठ वर्षांची, मधलं सगळं गायब.

भागाबाई: अन् निघाली ती आपल्या पत्र्याच्या पेटीत! चौतीस वर्षांच्या वह्या! मी तर दोनदा रद्दीवाल्याला देऊन टाकणार व्हते. ह्यांनी पेटीवरच बूड टेकलं, म्हून वाचल्या.

माणिकराव: रद्दीवाला वह्या तोलून नेणार. त्याला आत काय हाय ते काय कळतंय?

ज्योत्स्ना: त्यांनाही आधी कळलं नव्हतं. फॉर्मवर एक रकाना होता, मोजमाप कशात केलं. मी लिहिलं, ‘माणिकराव यांचा हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, सत्तेचाळीस सेंटिमीटर.’

भागाबाई: अगं बाई! ह्यांचा हात दिल्लीला गेला?

ज्योत्स्ना: गेला तर! पत्रात आधी काय लिहिलंय ते ऐक. ‘गावातल्या पाणी सोडणाऱ्या एका माणसानं, कुणी सांगितलेलं नसताना, पस्तीस वर्षांच्या आसपास रोज पाणी मोजून लिहून ठेवावं, असं आमच्या पाहण्यात दुसरं नाही.’ विभागात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं मी. मोठ्यानं. मुद्दाम.

माणिकराव: कुणी सांगितलं न्हवतं कसं? मोटरनं सांगितलं व्हतं. पाणी खाली गेलं अन् मोटर कोरडी चालली की जळून जायची. म्हून रोज हाताहातावर गाठी मारलेली दोरी सोडून बघायचो, किती हात हाय. बघितलंच तर लिहून ठेवू म्हणलं.

ज्योत्स्ना: आणि दुसऱ्या परिच्छेदात शंका काढलीय. हे बघा. नव्याण्णव सालचा ऑगस्ट. एक तारखेला काठापासून पाणी नऊ हातांवर. दोन तारखेला पावणेबारा हातांवर. ऐन पावसाळ्यात, भरल्या विहिरीचं पाणी एका दिवसात पावणेतीन हात खाली कसं जाईल? पुढं तीन, चार, पाच तारीख कोरी. सहाला परत नोंद सुरू, आणि तेव्हापासून आजपर्यंत सगळे आकडे तेवढ्याच फरकानं खालचे. ते म्हणतात, ह्याचं कारण द्या, नाहीतर आधीचं सगळं बाद धरू.

माणिकराव: तुझे ते विभागातले गुंडेराव सर काय म्हणायलेत?

ज्योत्स्ना: सर म्हणतात, नव्याण्णवच्या आधीचं काढून टाक. पण मग राहतात सव्वीस वर्षं. तीस भरत नाहीत. अर्ज बाद. माझंही पुढच्या महिन्यात विद्यापीठातलं काम संपतंय, अप्पा. हा गेला तर मला कुठंतरी दुसऱ्याच्या विषयावर राबावं लागेल.

माणिकराव: म्हून तर म्हणायलोय, लिही, दोरी बदलली. कोण बघायला येणार हाय?

भागाबाई: बघू ते पान... ह्या कसल्या रेघोट्या गं?

ज्योत्स्ना: कुणास ठाऊक. दोन तारखेच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं गिरगटलंय. त्याचीही शंका काढलीय त्यांनी, वही लहान मुलांच्या हाती होती का म्हणून.

भागाबाई: अवो... हे त्या दिवसाचं पान हाय व्हय?

माणिकराव: भागा, गप.

भागाबाई: सव्वीस वर्षं गपच हाय मी. पोरगी पाच वाजायची वाट बघत रडायलीय, अन् तुम्ही तिला दोरी सांगायलाव?

ज्योत्स्ना: कुठला दिवस, माय?

भागाबाई: ह्यांनाच विचार. मी सांगितलं तर म्हणतील, तिखटमीठ लावलं.

माणिकराव: त्यात सांगायसारखं काय न्हाई.

भागाबाई: न्हाई ना? मग मी सांगते. तुझा बाप गावाला पाणी सोडायचा. मोटर ह्यांनीच चालू करायची, टाकी ह्यांनीच भरायची, घराघराच्या नळाला पाणी ह्यांच्याच हातानं जायचं. पण विहिरीच्या चौथऱ्यावर मातर चढायचं न्हाई. तो गावाचा, आपल्या वस्तीचा न्हाई. मागच्या अंगाला खाली, पाईप बाहेर काढायला भिताड फोडलेलं व्हतं. त्या भगदाडातनं दोरी सोडून पाणी मोजायचं.

ज्योत्स्ना: अप्पा? आठ वर्षं?

माणिकराव: तवा तसंच व्हतं. पगार मिळायचा. वाकून मोजायचो, एवढंच.

ज्योत्स्ना: आणि दोन ऑगस्टला?

भागाबाई: सांगा आता.

माणिकराव: तू चार वर्षांची व्हतीस. मायनं भाकर देऊन तुला माझ्याकडं पाठवलं. मी मागं वाकून दोरी सोडायलोय, तर वरनं आवाज, ‘अप्पा, अप्पा, हितनं सगळं पाणी दिसतंय, वर या!’ बघतो तर तू चौथऱ्यावर. पाच पायऱ्या चढून थेट कठड्याला लोंबायलीस. आत डोकवायलीस.

ज्योत्स्ना: मला काहीच आठवत नाही.

माणिकराव: पारावर गावातले बडे अंकुशराव बसले व्हते, आणखी चार-पाच जण. ते ओरडले, ‘माणक्या, पोरीला खाली घे!’ मी धावत चढलो, तुला खाली घ्यायलाच. तुझा दंड धरला. आत बघितलं. आठ वर्षं त्या पाण्यावर काम करायलो व्हतो, पण ते वरनं कधी बघितलं न्हवतं. गोल, भरलेलं, आभाळ दिसायलेलं. तू म्हणलीस, ‘मोजा ना.’

भागाबाई: अन् मोजलं!

माणिकराव: दोरी हातातच व्हती. सोडली. सगळे बघायलेत अन् मी गाठी मोजायलोय. पावणेबारा. तिथंच उभं राहून लिहिलं. तू पेन्सिल मागितलीस, दिली. म्हणलं, लिही तूबी.

ज्योत्स्ना: आणि ते तीन कोरे दिवस...

भागाबाई: अंकुशरावांनी मोटरीच्या खोलीची किल्ली काढून घेतली ह्यांच्याकडनं! म्हणले, दुसरा माणूस ठिवू. ठिवला. पण त्याला ती मोटर पाणीच उचलू देईना. आधी पाईपात पाणी भरायचं, मग हवा काढायची, मग बटण दाबायचं. तिची खोड ह्यांनाच ठावं. एक दिवस गेला, दोन गेले. तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या घागरी पालथ्या. शेवटी वरच्या आळीतली शांतम्मा आली आपल्या दारात. म्हातारी लई फटकळ. किल्ली ओसरीवर आपटली अन् धाकल्या भावाला म्हणावं तसं म्हणाली, ‘तम्मा, चल. कुठंबी उभा राहा, वरनं मोज न्हाईतर खालनं मोज, पण पाणी सोड.’

माणिकराव: तवापासनं वरनंच मोजायलोय. झालं? लिहू नको मातर.

ज्योत्स्ना: का?

माणिकराव: सात जागी तुला न्हाई म्हणले. एका जागी तरी तू सांगितलंस का, माझ्या बापाला असं वागवलं, तसं वागवलं? न्हाई सांगितलंस. मला लई बरं वाटलं त्याचं. जिथवर गेलीस, आपल्या अकलेनं गेलीस. आता आठव्या जागी कीव येऊन पैसे देतील. ते पैसे तुझे न्हाईत.

ज्योत्स्ना: कीव कोण मागायलंय, अप्पा? त्यांनी कारण विचारलंय, मी कारण देणार. मोजणारा कुठं उभा राहून मोजत होता, हे मोजमापातच येतं. ते लपवलं तर आकडा खोटा ठरतो. खरं आहे ते एका ओळीत लिहायचं. रडगाणं नाही, काही नाही.

माणिकराव: दोरी बदलली लिहिलं तर काय बिघडतंय?

ज्योत्स्ना: चौतीस वर्षांत ह्या वह्यांत तुम्ही एक तरी आकडा खोटा लिहिला? ताप असायचा, तरी माय धरून न्यायची तुम्हाला विहिरीवर. आजी गेली त्या दिवशीची पण नोंद आहे ह्यात. तुम्ही चौतीस वर्षं खरं लिहिलं, आणि पहिलं खोटं मी लिहू?

भागाबाई: आता बोला.

माणिकराव: ...नको. खोटं नको.

ज्योत्स्ना: मग?

माणिकराव: नुसत्या माझ्या सांगण्यावर नको लिहू. तू शास्त्र शिकलीस ना? मोजून बघ. पेटीत जुनी दोरी हाय, घे ती. भागा, चपला कुठं हायेत माझ्या?

(विहिरीवर. चौथरा तसाच आहे; कठड्यावर लोखंडी जाळी बसली आहे. तीन वाजून गेले आहेत.)

ज्योत्स्ना: माय, ह्या गाठींत बांधलेल्या चिंध्या कसल्या गं?

भागाबाई: माझ्या हिरव्या लुगड्याच्या. पाचव्या गाठीला हिरवी, दहावीला काठाची तांबडी. अंधारलं तरी बोटाला लागावी म्हून मीच बांधल्यात. लिही तुझ्या कागदात, भागाबाईचं लुगडं!

ज्योत्स्ना: लिहिणारच आहे. अप्पा, ते भगदाड कुठं होतं?

माणिकराव: हितं, मागं. सिमेंटनं बुजवलंय, पण पाईपाची गोल खूण दिसायलीय बघ. ह्या दगडावर कोपर टेकून दोरी सोडायचो. दगड गुळगुळीत झालाय न्हवं? ते माझ्या कोपरानं.

ज्योत्स्ना: थांबा, फोटो काढते. खूण, दगड... कोपर ठेवा ना त्यावर. हां. आता दोरीचं हे टोक तुम्ही दगडावर धरा. मी वर जाते.

भागाबाई: पारावरनं अंकुशराव बघायलेत हो.

माणिकराव: बघू दे. आता ‘माणिकराव, च्या घ्या’ म्हणतेत. माणूस सुधारत असतंय.

ज्योत्स्ना: अप्पा, घट्ट धरलंय ना? मोजते. एक. दोन. दोन आणि वर... माय, वर ये, तू बघ. मला डोळ्यांनी नीट दिसेना झालंय.

भागाबाई: सरक. दोन गाठी पुऱ्या, अन् तिसरी येते येते तर कठडा आला. पाव हात कमी. पावणेतीन.

ज्योत्स्ना: पावणेतीन! मीटरपट्टीनं पण घेते... एकशे एकोणतीस सेंटिमीटर. सत्तेचाळीस गुणिले पावणेतीन... बरोबर! अप्पा, बरोबर! एका बोटाचा फरक नाही! आता नव्याण्णवच्या आधीच्या प्रत्येक आकड्यात पावणेतीन मिळवले की झालं. आठही वर्षं जुळली. चौतीस वर्षांची एकच नोंद.

माणिकराव: मग मी काय आंधळ्यावानी मोजायलो व्हतो व्हय?

भागाबाई: बघितलं? किती तोरा!

माणिकराव: असू दे की. आज असू दे.

ज्योत्स्ना: आठ वर्षं तुम्ही ह्या दगडावर वाकलात. आणि मी सकाळी फोनवर म्हणाले, तुम्ही नीट लिहिलं नाही. मला माफ करा, अप्पा.

माणिकराव: माफी कशाची? तू वर बोलावलं नसतंस तर मी वाकूनच मोजत रिटायर झालो असतो. बस हितं पायरीवर. उघड तुझी मशीन. वेळ किती राहिला?

ज्योत्स्ना: दीड तास. फोटो जोडले. मोजमाप लिहिलं. आता राहिला आलेख. हे बघा, ही सगळ्या वर्षांची रेघ. आणि इथं हा तुटका भाग, पायरी पडल्यासारखा. पावणेतीन मिळवले की रेघ सलग होते, पायरी दिसतच नाही. कागद एकदम साफ.

माणिकराव: हिशोबाला मिळव. पण चित्रातली पायरी पुसू नको.

भागाबाई: पुसू नको गं. ती किल्ली तीन दिवस कुणाच्या कनवटीला व्हती, तेबी राहू दे.

ज्योत्स्ना: राहू देते. तीन दिवस कोरेच ठेवते. पण अप्पा, त्यांनी नाही दिलं तर?

माणिकराव: तर नववा अर्ज कर. वह्या कुठं पळायल्यात? उद्याची नोंद मी उद्या करणारच हाय.

ज्योत्स्ना: बरं. आता ह्या पायरीखाली एक ओळ लिहावी लागते, ती कशामुळं पडली त्याची. काय लिहू? तुम्हीच सांगा, तुमच्याच शब्दांत लिहिते.

माणिकराव: लिही. दोन ऑगस्टला...

ज्योत्स्ना: हं.

माणिकराव: पाणी खाली गेलं न्हवतं. मोजणारा वर चढला व्हता.