उत्तम ब्रेक

बसच्या रांगेत शिंप्याच्या पुढे दोन बायका उभ्या होत्या. एक नर्सबाई, उजवा हात गळ्यात बांधलेला. शेजारी उभ्या असलेल्या दुसरीने चौकशी केली आणि शिंप्याने कान टवकारले.

"ब्रेकच लागला नाही हो! उतारावरून थेट फाटकावर. आदल्याच दिवशी दुरुस्त करून आणलेली सायकल!"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून?"

"तिथूनच. जाब विचारला, तर मेला म्हणतो, ब्रेक उत्तम आहे, तुम्हीच जोरात चालवता! नट कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का त्याला?"

"नसावं."

"तुम्हीही भोगलंय वाटतं?"

"बावीस वर्षं. नवरा आहे माझा."

"अगंबाई! माफ करा हं."

"माफी कसली? माझीही सायकल आहे घरी, अगदी नवी."

"मग बसने कशाला जाताय?"

"कालच त्यांनी स्वतःच्या हाताने तेलपाणी केलंय तिचं."