भाची फर्स्ट क्लास

वाशीमहून मेडशीला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर मामा-भाची बसले होते. भाची आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन निघालेली आणि मामांच्या विहिरीवरची मोटार बंद पडलेली, त्यामुळे मामा खुशीत होते.

"वैष्णवी, गहू ओंबीवर येऊन राह्यला. गेल्या गेल्या मोटार खोल."

"मामा, मी मोटार कधी खोललीच नाही."

"मंग दोन वर्ष काय केलं?"

"वही भरली. मोटारीचं चित्र लय मस्त जमते मले."

"चित्रातून पाणी येते काय वं?"

"खरी मोटार व्हती नं एक, कपाटात. दसऱ्याले पूजेसाठी बाहेर काढत. हळद-कुंकू मीच लावलं."

"चालू नाही केली कोणी?"

"कशी करसान? फ्यूज उडाला तवापासून वर्कशॉपात लाइनच नाही."

"साठ इलेक्ट्रिशियन बसले तिथं, अन् एक फ्यूज नाही टाकता आला?"

"सर म्हणे, पोरायच्या जिवाले धोका नको. बाहेरून वायरमन बोलावला."

"त्यानं त टाकला असंन?"

"नाही. तो आमच्याच आयटीआयत शिकेल व्हता."

"अवं माय!"

"मामा, गावातल्या मिस्त्रीले बोलवा नं."

"त्याले कालच हाकललं मी. म्हटलं, तू दहावी नापास, आमची भाची फर्स्ट क्लास."

"मंग आता?"

"आता जाऊ दोघंबी त्याच्या घरी. मी पाया पडतो."

"सर्टिफिकेट दाखवू त्याले?"

"पिशवीतच ठेव, बाई. तो हासत बसला त गहू वाळून जाईन."