काष्टीची आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा

नगरच्या स्टँडवर निकिताच्या मागच्या बाकावर दोघा काष्टीकरांची चांगलीच जुंपली होती.

"भानुदास, आपला मोमोवाला दिलकुमार बहिणीच्या लग्नाला नेपाळला गेला की! आता स्पर्धा आंतरराष्ट्रीय कशी ऱ्हायची?"

"मुनीरभाई, अठरा वर्षांचा इतिहास हाय. असा मोडू द्यायचा व्हय?"

"आरं, इतिहास म्हंजे तोच! दुसरा परदेशी खेळाडू हाय कोन आपल्याकडं?"

"पैल्या वर्षी त्यानं नुसती नेटची दोरी धरली हुती. तरी फ्लेक्सवर 'आंतरराष्ट्रीय' छापलंच ना आपन?"

"छापलं. अन् यंदाबी छापून बसलोय. सभापती यायचेत उद्घाटनाला."

"मग तो व्हिडिओ कॉलवर खेळंल. मोबाईल खुर्चीवर ठेवू."

"खुर्ची शटल मारती व्हय?"

"समोरच्यानं मारायचं. मोबाईलला लागलं, तर त्यानं परतवलं असं धरायचं."

निकिताची बस लागली. ती काही उठली नाही.

"अन् पैल्या फेरीत त्याच्यासमोर कोन?"

"दरवर्षीपरमानं तुमीच."

"दरवर्षी मी हरतो रे त्याच्याकडनं."

"यंदा समोर खुर्ची हाय, मुनीरभाई. जिंकाल."



"तरीबी ती खुर्ची आजच घरी पाठवून दे. सराव केलेला बरा."