पहिल्याच पानावरचं वाक्य

नाही हो दादा, किल्ली हरवलेली नाही — फोनवर मी तसं म्हटलं खरं, पण या खोलीचं दार आतून लावलंय. आत आमचे हे आहेत. परवापासून. थांबा, पिशवी उचलू नका! मारहाण वगैरे काही नाही — हा माणूस झुरळ मारायलासुद्धा मलाच हाक मारतो. मी दार ठोठावलं की खोकतात, म्हणजे आहेत, पण पाणी घेत नाहीत, बोलत नाहीत. शेजारीण म्हणाली, पोलिसांना बोलवा. पोलिसांना! मी? — तुम्ही आपले स्क्रू काढा, मी बोलते, बोलले नाही तर डोकं फुटेल माझं.

माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहायचा. एवढासा आहे, म्हणून आम्ही त्याला लिंबू म्हणतो. कापडाच्या गिरणीत होता. तिथं एका बाईची बोटं गेली यंत्रात, आणि मालक म्हणाला, तिचीच चूक. लिंबू घरी येऊन धुमसत बसला. तर हे काय म्हणाले? ‘बोल की! फाटकावर उभा राहून बोल. इथं बोलायला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही.’ यांना भारी कौतुक या देशाचं — रस्त्यांचं नाही, दुकानांचं नाही, त्या कायद्याच्या पुस्तकाचं. डेपोत बस दुरुस्त करतात हे. जेवायच्या सुट्टीत तेच वाचत बसायचे. त्यात ते वाक्य आहे ना — तुम्हाला शाळेत शिकवलं असेल — कारण सांगितल्याशिवाय, न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कोणालाही कोंडता येणार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे रडले. का? तिकडे, आमच्या जुन्या देशात, यांच्या वडिलांना अंगणातून उचललं होतं, दाढी अर्धीच झालेली, साबण तसाच गालावर. का नेलं, ते आजतागायत कळलं नाही. आणि इथं असं वाक्य, तेही पहिल्याच पानावर!

मग काय, लिंबू बोलला. आणि परवा सकाळी त्याला न्यायला चौघं पोलीस आले. मी म्हटलं, मागच्या दारानं जा रे. तर हे म्हणतात, ‘पळायचं कशाला? इथं आधी हुकूम दाखवावा लागतो.’ आणि स्वतःच्या हातानं कडी काढली हो, वर ‘या, बसा’ म्हणाले! हुकूमबिकूम काही नव्हता. लिंबूच्या हातातला चहासुद्धा संपू दिला नाही. कुठं ठेवलाय, कोणी सांगत नाही. आणि मग मी — मी यांना काय वाट्टेल ते बोलले. म्हटलं, घाला ते पुस्तक चुलीत, माझा भाऊ गिळलात तुम्ही. ते उठले, आत गेले.

थांबा — हात थांबवा. कडी वाजली.

अहो... हे काय? नागरिकत्वाच्या शपथेच्या दिवशीचा कोट? कुठं निघालात असे, धड उभंही राहवत नाहीये — ऐकलंत दादा? कोर्टात जातायत. विचारणार म्हणे, कुठल्या कायद्यानं नेलं. अहो, तुम्हालाही आत घालतील, मग मी कोणाच्या दारात जाऊ? — दादा, तुम्ही इथले, जन्मापासूनचे, तुमचं ऐकतील. सांगा यांना, ते नुसतं लिहिलेलं असतं. सांगा ना, ते तुमच्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही! खाली काय बघताय? बोला ना!

नको. नको, नका बोलू. बघा ना कसे उभे राहिलेत, तुमच्या तोंडाकडे डोळे लावून... तुम्ही जा, दादा. पिशवी घ्या आणि जा आधी.

अहो, भिंत धरून चला जरा. थांबा, मीही येते.