आदिमाता रविवारी हवी

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने औषधाचे थेंब घालून एका ट्रकवाल्याला बाकावर बसवलं होतं. डोळे मिटलेले, त्यामुळे कान टवकारलेले. शेजारी दोन बहिणी होत्या, मध्ये त्यांची म्हातारी आई.

"ताई, रविवारी आईला पाठव ना. आमच्या शिबिरात आदिमाता म्हणून बसवायचीय."

"काय करायचं तिनं?"

"नुसतं बसायचं. चाळीस जणी तिचे पाय धुतील. अगं, म्हाताऱ्या बायकांच्या अंगात प्राचीन ज्ञान साठलेलं असतं."

"माझ्या घरी सहा वर्षं साठतंय."

"तुला चेष्टाच सुचते."

"चेष्टा कसली? सोमवारी तिचं ऑपरेशन. नंतर आठ दिवस तूच ठेवून घे."

"माझ्याकडे कुठे? मागची खोली ध्यानाला दिली ना मी."

"मग ही तुमची देवी राहणार कुठे?"

"देवी आपल्या आत असते, ताई."

"आत म्हणजे माझ्याच घरात."

ट्रकवाल्याला ठसका लागला.

आई धाकटीकडे वळली. "बाळ, त्या चाळीस जणींना विचारशील का गं? पाय नाही धुतले तरी चालेल. एखादीनं आठ दिवस ठेवून घेतलं तर बरं."